स्कूटर आणि तिचा धनी

बंगळूर शहराच्या मध्यापासून पूर्वेस १८-२० किलोमीटरांवर व्हाइटफील्ड नावाची वस्ती आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेला ३,९०० एकर जमीन दिली आणि संस्थेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव त्या वसाहतीला मिळाले. वर्तुळाकार रस्ता, कौलारू घरे, फळबागा आणि जवळून जाणारी मद्रासची आगगाडी, एवढाच त्या गावाचा पसारा पुढची शंभर वर्षे होता. १९९० नंतरच्या दशकात तेथे संगणक-उद्योगाची संकुले उभी राहिली आणि गावाचे नगर झाले. २०२३ साली मेट्रो रेल्वे थेट व्हाइटफील्डपर्यंत आली. आता सकाळी नऊ वाजता कोणत्याही स्थानकाबाहेर पाहावे, तर स्कूटरींच्या रांगाच रांगा लागलेल्या दिसतात. घरापासून स्थानकापर्यंत दोन किलोमीटर, स्थानकाबाहेर दहा तास उन्हापावसात उभे राहणे, आणि संध्याकाळी पुन्हा दोन किलोमीटर, अशी त्या बिचाऱ्या यंत्रांची दिनचर्या असते.

या रांगांत अधूनमधून ‘एम. एच. १२’ किंवा ‘एम. एच. १४’ अशी पाटी आढळते. पुण्याहून वा पिंपरी-चिंचवडहून नोकरीसाठी आलेला एखादा मराठी गृहस्थ आपल्या सामानाबरोबर आपली स्कूटरही रेल्वेच्या पार्सलातून, टाकीतले पेट्रोल काढून आणि अंगाला गोणपाट गुंडाळून, घेऊन आलेला असतो. हा गृहस्थ बहुधा सुशिक्षित असतो. संगणकाच्या अंतरंगातील सूक्ष्म दोष तो बसल्या जागी शोधून काढतो. परंतु ज्या यंत्रावर तो रोज आपला जीव आणि पुष्कळदा आपल्या मुलाचाही जीव ठेवतो, त्या यंत्राच्या आसनाखाली काय चालले आहे, याची त्याला दाद नसते. ब्रेकचा दांडा मुठीला टेकू लागला तरी ‘पुढच्या महिन्यात गॅरेजात टाकू’ एवढ्यावर तो समाधान मानतो.

हे अज्ञान केवळ खर्चाचे असते, तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर बसलेली होती. या साऱ्या अपघातांचे खापर यंत्रावर फोडणे अर्थातच बरोबर होणार नाही. वेग, रस्त्यावरील खड्डे आणि दुसऱ्याची चूक यांचा वाटा त्यांत मोठा आहे. तथापि चारचाकीचा एक टायर दगा देतो तेव्हा उरलेली तीन चाके गाडी सावरतात. दुचाकीला असा आधार नाही. तिच्यावर बसणाऱ्याने तिची निगा राखणे हा म्हणूनच हौसेचा नव्हे, तर विवेकाचा भाग ठरतो.

मुळात स्कूटर हे यंत्र सामान्य माणसाच्या हाती देण्यासाठीच जन्माला आले. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या इटलीत पिआज्जो कारखान्याच्या मालकांनी कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येच्या इंजिनिअरला स्वस्त वाहनाची योजना करावयास सांगितले. दास्कानिओला मोटारसायकल मनापासून आवडत नसे. तिच्यावर पाय टाकून बसावे लागते, साखळीचे तेल कपड्यांवर उडते आणि पंक्चर झाले की चाक काढताना जीव मेटाकुटीस येतो, असे त्याचे आक्षेप होते. तेव्हा त्याने साखळी काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशेजारी नेले, पायांपुढे पत्र्याची ढाल उभी केली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले, म्हणजे ते दुसऱ्या बाजूने सहज सुटावे. १९४६ सालची ‘व्हेस्पा’ ती हीच. पुढच्याच वर्षी इन्नोचेंती कारखान्याची ‘लँब्रेटा’ आली.

या दोन्ही इटालियन भगिनी लवकरच हिंदुस्थानात आल्या. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लँब्रेटा आणली. बजाज कंपनीने पिआज्जोशी सहकार्याचा करार करून १९६० नंतर पुण्याजवळ आकुर्डीस व्हेस्पा तयार केली, आणि तो करार १९७१ साली संपल्यावर महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देऊन ‘चेतक’ रस्त्यावर आणली. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जी वस्तू इतक्या प्रतीक्षेनंतर मिळते तिची निगाही तशीच राखली जाते. रविवारी सकाळी अंगणात वा चाळीच्या चौकात घरातला कर्ता पुरुष स्कूटर डबल स्टँडवर लावून, प्लग-पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन बसलेला दिसे. पेट्रोलात लिटरमागे वीस मिलिलीटर ऑइल मिसळावे, प्लगवरची काजळी खरवडावी, गियरच्या आणि क्लचच्या वायरींना तेलाचे दोन थेंब द्यावेत, मागे बांधलेली स्टेपनी आपल्या हाताने बदलावी, ही विद्या त्या पिढीला गॅरेजाने शिकविली नाही; गरजेने शिकविली. थंडीत स्कूटर सुरू झाली नाही, तर ती इंजिनाच्या अंगावर तिरपी करून पुन्हा किक मारण्याचा प्रघात होता. तिरपी केल्याने कार्बोरेटरातले पेट्रोल हलून थोडे अधिक पेट्रोल आत उतरते, असा त्यामागचा समज. घरातली लहान मुलेदेखील हा विधी मोठ्या गांभीर्याने पाहत.

पुढे यंत्र बदलले. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने गियरची कटकट काढून टाकली आणि बटण दाबताच सुरू होणारे इंजिन दिले. २००१ साली आलेल्या ॲक्टिव्हाने चार-स्ट्रोक इंजिनाची स्कूटर घराघरांत नेली. एप्रिल २०२० पासून भारत-६ हे प्रदूषणविषयक नियम लागू झाले आणि कार्बोरेटरच्या जागी विजेच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी योजना आली. प्रत्येक सुधारणेबरोबर यंत्र अधिक भरवशाचे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याबरोबर ते प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेही गेले. जे दिसत नाही त्याची काळजी करण्याचे कारण नाही, असा समज त्यातून पसरला. जुन्या स्कूटरचा धनी नको तितके स्क्रू फिरवीत असे, नव्या स्कूटरचा धनी एकही फिरवीत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक शहाणपणाची वाट आहे. काय आपण स्वतः करावे, काय नुसते पाहावे आणि काय मिस्त्रीवर सोपवावे, एवढी सीमा ओळखणे म्हणजेच ती वाट.

नुसत्या पाहण्याने किती काम होते, ते आधी पाहू. स्कूटर रात्रभर जेथे उभी होती तेथील फरशी सकाळी निरखावी. तेलाचा ताजा ठिपका हे यंत्राने लिहिलेले पत्रच होय. टायरमधली हवा चाके थंड असताना तपासावी, कारण धावून तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब वाढलेला असतो आणि मोजमाप फसते. पुढच्या व मागच्या चाकांचे आकडे निराळे असतात आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा आणखी वाढतो. ते आकडे मालकाच्या पुस्तिकेत आणि बहुधा गाडीवरील पट्टीवरही छापलेले असतात. हवा कमी असली की टायरच्या कडा झिजतात आणि जास्त असली की मधला पट्टा झिजतो. टायरच्या खाचांमध्ये जागोजागी एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला भिडली, की टायर बदलावयाची वेळ झाली असे समजावे. टायरच्या अंगावर चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नवा म्हणून विकत घेतलेला टायर खरोखर किती नवा आहे, हे ठरविण्यास एवढे ज्ञान पुरते.

पाहण्यानंतर हात लावण्याची पाळी येते, आणि तेथे पहिला मान ब्रेकचा. बहुतेक साध्या स्कूटरींना ड्रम ब्रेक असतात. चाकाच्या पोकळ डब्यात दोन अर्धचंद्राकृती शू असतात. दांडा दाबला की वायर ताणली जाते आणि शू बाहेर फाकून डब्याला घासतात. शू झिजत जातात तसा दांडा अधिकाधिक आत येतो. दांड्याच्या टोकाशी एक ते दोन सेंटीमीटर मोकळी हालचाल असावी, असे साधारण प्रमाण आहे. ती वाढली तर चाकाजवळ वायरीच्या टोकाला असलेला नट अर्धा-अर्धा फेरा आवळावा, प्रत्येक वेळी दांडा दाबून पाहावा, आणि शेवटी स्कूटर डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवावे. चाक मोकळे फिरले पाहिजे. ते अडखळू लागले तर ब्रेक सतत घासतो आहे, असा त्याचा अर्थ. त्याने ड्रम तापतो, शू जळतात आणि पेट्रोलही वाया जाते. ड्रमच्या बाहेर ब्रेकच्या भुजेवर एक बाण असतो. दांडा पूर्ण दाबला असता तो बाण शेजारच्या खुणेला भिडला, तर नट आवळून भागणार नाही. शू संपले आहेत. नवे शू बसविणे मात्र मिस्त्रीचे काम. त्यातही एक दक्षता सांगितली पाहिजे. ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकून उडवू नये. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसांना घातक असते. तेव्हा ती ओल्या फडक्याने पुसावी.

एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटीमीटरपर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना जोड-ब्रेकची योजना सक्तीची झाली. स्कूटरीत बहुधा डावा दांडा दाबला असता दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. या जोडणीचा समतोल कारखान्याने ठरविलेला असतो. म्हणून अशा स्कूटरीत एका चाकाचा नट मनमानीने आवळून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरे काम तेलाचे. स्कूटर सपाट जागी डबल स्टँडवर लावावी, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग तेलाची काडी बाहेर काढून पुसून पुन्हा घालून पाहावी. तेल काडीवरील दोन खुणांच्या मध्ये असावे. तेल निवडताना डब्यावरील अक्षरे वाचण्याची सवय लावावी. मोटारसायकलीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून तिच्या तेलावर ‘जासो एमए’ असा शिक्का असतो. गियर नसलेल्या स्कूटरीचा क्लच कोरडा आणि वेगळ्या कोठडीत असतो, त्यामुळे तिला घर्षण आणखी कमी करणारे ‘जासो एमबी’ तेल चालते आणि तेच मानवते. शेजाऱ्याच्या मोटारसायकलीतले उरलेले तेल आपल्या स्कूटरीत ओतण्याची काटकसर म्हणूनच फारशी शहाणपणाची नव्हे.

तेल किती दिवसांनी बदलावे, या प्रश्नाला पुस्तिका दोन उत्तरे देते: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी पुरे होईल ते. व्हाइटफील्डचा धनी नेमका येथे चुकतो. ‘माझी गाडी वर्षात हजार-दीड हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, तिला तेल कशाला?’ असा त्याचा युक्तिवाद असतो. वस्तुतः थोडे चालणे हेच तिचे दुखणे आहे. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक धुराबरोबर बाहेर पडते, पण थोडी वाफ पिस्टनच्या कड्यांजवळून निसटून तेलाच्या कोठडीत उतरते. इंजिन चांगले तापले तर ती वाफ पुन्हा उडून जाते. दोन किलोमीटरांत मात्र इंजिन पुरते तापतच नाही. वाफेचे पाणी होते, ते तेलात मिसळते आणि तेलाची धार निकामी करते. तेच पाणी सायलेन्सरच्या पोटात साचून त्याला आतून गंज लावते. बॅटरीचीही तीच कथा. बटण दाबून इंजिन सुरू करताना जेवढी वीज खर्च होते, तेवढी भरून काढण्याइतका वेळ तिला दोन किलोमीटरांत मिळत नाही. यावरचा उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा स्कूटर पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवावी, किक असेल तर सकाळच्या थंडीत पहिला आरंभ किकने करावा, आणि तेलाच्या बाबतीत किलोमीटरांपेक्षा महिने मोजावेत.

प्लग हा इंजिनाचा आरसा आहे. तो इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावा, कारण इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते आणि गरम असताना जोर केल्यास त्यातले आटे बिघडतात. टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जळते आहे. काळे ओले तेलकट असेल तर तेल नको तेथे पोचते आहे. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे. परत बसविताना प्लग प्रथम बोटांनीच फिरवीत न्यावा. तो सरळ आट्यांत उतरला याची खात्री झाल्यावरच पाना लावावा. नव्या प्लगला वायसर टेकल्यानंतर साधारण अर्धा फेरा पुरतो. जुन्याला त्याहून बराच कमी.

मुंबईहून आलेली कार्बोरेटरची जुनी स्कूटर व्हाइटफील्डला आल्यावर थोडी मंदावते आणि तिचा प्लग काळवंडू लागतो, अशी तक्रार ऐकू येते. तो मिस्त्रीचा दोष नव्हे. तो भूगोलाचा परिणाम. बंगळूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो. हवा विरळ, पेट्रोल मात्र जवळजवळ तेवढेच, त्यामुळे मिश्रण किंचित दाट होते. जाणत्या मिस्त्रीकडून कार्बोरेटर एकदा नव्या जागेला जुळवून घ्यावा. फवाऱ्याच्या नव्या गाड्या हवेचा दाब ओळखून हा हिशेब स्वतःच करतात.

व्हाइटफील्डची दुसरी देणगी म्हणजे धूळ. जेथे वर्षानुवर्षे बांधकाम चालू आहे, तेथे हवेत सिमेंट, दगडाचा भुगा आणि तांबडी माती तरंगत असते. ती इंजिनात जाऊ न देण्याचे काम हवेच्या गाळणीचे. गाळणी चोंदली की पिकअप मंदावतो आणि पेट्रोल जास्त लागते. परंतु येथेही प्रकार ओळखणे अवश्य आहे. स्पंजाची गाळणी साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, थोडे तेल लावून आणि पिळून पुन्हा बसविता येते. तेलाने भिजविलेल्या कागदाची गाळणी मात्र धुवावयाची नसते आणि हवेच्या झोताने झाडावयाचीही नसते. तसे केल्यास तिचे तेल निघून जाते आणि धूळ अडविण्याचा तिचा गुणच नाहीसा होतो. पुस्तिका सांगते त्यापेक्षा थोडी लवकर ती बदलणे, हाच धुळीच्या गावातला योग्य मार्ग.

तिसरी देणगी पावसाची. बंगळुरास नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो, ईशान्येचा परतीचा पाऊस मिळतो, आणि त्यांच्याही आधी वैशाखातले वळीव मिळतात. सप्टेंबर २०२२च्या पहिल्या आठवड्यात शहराच्या पूर्व भागात तळी भरून वाहिली, वसाहतींत कमरेएवढे पाणी शिरले आणि कित्येक वाहने बुडाली. अशा वेळी घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती नेमकी चुकीची असते: पाणी ओसरताच तो सुरू करण्याचे बटण दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना पिस्टन वर सरकला, तर आतला दांडा वाकतो आणि शंभर रुपयांच्या कामाचे हजारोंचे काम होते. बुडालेली स्कूटर सुरू करू नये. ती ढकलत उंच जागी न्यावी, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मिस्त्रीकडे पोचवावी. तेल काडीवर दुधासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे याविषयी शंका बाळगू नये. बॅटरीच्या तारा सोडविताना आधी ऋण आणि मग धन, जोडताना आधी धन आणि मग ऋण, हा क्रम पाळावा. ऋण तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. ती जोडलेली असताना धन टोकावरील पाना सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. साध्या डबक्यातून गेल्यावरही ड्रम ओले होऊन ब्रेक काही काळ लागत नाहीत. अशा वेळी सावकाश चालवीत दांडा हलकेच दाबीत राहावे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ते सुकतात.

पाण्याचा आणखी एक छुपा मार्ग टाकीतून जातो. आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाण्याला आपल्यात ओढून घेते. टाकीच्या झाकणाचे रबर चिरलेले असेल, तर पावसात उभ्या असलेल्या स्कूटरीत पाणी उतरते, आणि ते फार झाले की इथेनॉलासह तळाशी बसते. ते रबर पावसाळ्याआधी पाहावे. जुन्या स्कूटरीच्या पेट्रोलच्या नळ्या फुगल्या वा चिकट झाल्या असतील, तर त्या बदलून घ्याव्यात.

स्कूटर धुताना सायलेन्सरच्या तोंडात, कुलपाच्या भोकात वा चाकाच्या ड्रमवर पाण्याचा जोरदार झोत सोडू नये आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. घरी तेल बदलणाऱ्यावर तर आणखी एक जबाबदारी येते. वापरलेले काळे तेल गटारात ओतावयाचे नाही. या भागातील बरेचसे गटार वर्तूरच्या तळ्याकडे वाहते, आणि त्या तळ्याचे पाणी पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. त्या तळ्याच्या काठावरून रस्त्यावर उडणारा फेस २०१५ च्या सुमारास साऱ्या देशाने पाहिला. त्यात घरोघरच्या सांडपाण्याचा वाटा मोठा होता, हे खरे. परंतु आपल्या अंगणातून त्यात भर पडू नये एवढे पाहणे प्रत्येकाच्या हाती आहे. काळे तेल बंद डब्यात साठवून गॅरेजाच्या पिंपात द्यावे.

स्कूटरची नवी पिढी विजेची आहे आणि तिचा संबंध व्हाइटफील्डशी अगदी घरचा आहे. एथर कंपनीचा पहिला कारखाना २०१८ साली येथेच चालू झाला. पुढे २०२१ साली तो होसूरला गेला. जानेवारी २०२० मध्ये पुण्याची चेतक विजेच्या रूपाने परत आली, तेव्हा तिने आरंभासाठी निवडलेली दोन शहरे होती पुणे आणि बंगळूर. या गाड्यांत तेल नाही, प्लग नाही, हवेची गाळणी नाही. म्हणून त्यांना निगाच नको, असे मात्र नव्हे. टायर, ब्रेक, दिवे आणि नट-बोल्ट हे तेथेही आहेतच. रोजच्या वापरात बॅटरी पूर्ण रिकामी होऊ न देणे, दर वेळी काठोकाठ भरण्याचा अट्टहास न धरणे, उन्हातून तापून आल्याबरोबर ती चार्जिंगला न लावणे, या सवयींनी तिचे आयुष्य वाढते. पाण्यात बुडालेली विजेची स्कूटर तपासल्यावाचून कधीही चार्जिंगला लावू नये, आणि तिची बॅटरीपेटी घरी उघडण्याचे धाडस कोणीही करू नये. येथे सीमा अगदी ठळक आहे.

निगेचा शेवटचा भाग कागदाचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दुचाकीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे टिकते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावयाचे, तेव्हा वाहनाची तपासणी होते. सांगाड्यावर कोरलेला चॅसी नंबर त्या वेळी वाचता आला पाहिजे. गंजाने वा हौशी रंगाऱ्याने तो झाकून टाकला असेल, तर धन्याला आपलीच स्कूटर आपली आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. वर्षातून एकदा तो नंबर फडक्याने पुसून त्यावर तेलाचे बोट फिरवावे, एवढ्याने हे संकट टळते.

या सर्वांसाठी अवजारे ती किती लागतात? दोन-चार मापांचे पाने, एक प्लग-पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हवेचा दाब मोजण्याचे यंत्र, जुने फडके आणि एक वही. या यादीत सर्वांत उपयोगी वस्तू वही ही आहे. तेल कधी बदलले, टायर कधी घातला, ब्रेक कधी आवळला, याच्या तारखा तीत लिहीत गेल्यास दोन लाभ होतात. विसर पडत नाही, आणि गॅरेजातले बिल वाचताना गेल्या महिन्यातच घातलेला भाग पुन्हा घातल्याचे दिसले, तर नम्रपणे प्रश्न विचारता येतो. चांगल्या मिस्त्रीला असा प्रश्न विचारणारा धनी आवडतो. तो काढलेला जुना भाग हातात ठेवून दाखवितो, कोठे झिजला ते सांगतो, आणि त्यातून धन्याच्या ज्ञानात भर पडते.

महिन्यातील एका रविवारचा एक तास यास पुरेसा आहे. त्या तासात शेजारी मूल उभे असेल, तर त्याला चाक फिरवू द्यावे, दांडा दाबू द्यावा, चाक का थांबले ते विचारू द्यावे. आकुर्डीच्या चेतकभोवती जी पिढी वाढली, तिला ही विद्या अशीच, उभ्याउभ्या पाहून मिळाली होती. सोमवारी सकाळी होप फार्मच्या चौकात पुढची बस एकाएकी थांबते, धन्याची बोटे दांड्यावर आवळतात आणि स्कूटर वीतभर अंतर राखून उभी राहते. मागे बसलेल्या मुलाला काय टळले याचा पत्ताही नसतो. आदल्या दिवशी फिरविलेला अर्धा फेरा तेथे कामी आलेला असतो.